दोष स्कोपचाच
चष्मेवाल्याने आयुष्यभर लोकांना एकच वाक्य ऐकवलं होतं, "नंबर वाढलाय, मान्य करा." गिऱ्हाईक कुरकुरलं की तो मान तिरकी करून हसायचा. माणसाला स्वतःचा दोष तेवढा दिसत नाही, हे धंद्याने त्याला शिकवलं होतं. स्वतःला तो त्या माणसांत धरत नव्हता, एवढंच.

या गृहस्थाला आणि त्याच्या बायकोला नेमबाजीचा नाद होता. ती शाळेत गणित शिकवायची. रविवारी दोघं क्लबची एकच रायफल आळीपाळीने घेऊन, चटईवर पालथं पडून पन्नास मीटरवरच्या कागदी लक्ष्यावर नेम धरायची आणि जोडीच्या स्पर्धेत कित्येक वर्षं एकत्र उतरायची. या हंगामात मात्र दोघांच्याही गोळ्या कागदावर वाट फुटेल तिथे जायला लागल्या. शेवटी नेमबाजीच्या रेंजवर शिकवणारे सर घसा खाकरून म्हणाले, "महिनाअखेरीस जोड्या जरा बदलून बघू."

बक्षिसाचं चष्मेवाल्याला काही नव्हतं. पण बायकोच्या शेजारच्या चटईवर दुसरं कोणी पालथं पडलेलं त्याला बघवणार नव्हतं. घरी दोघांचं बोलणं बिलं आणि गळक्या नळापलीकडे जात नसे. रेंजवर काही न बोलता शेजारी पडून राहायचं, हा आठवड्यातला त्याचा सगळ्यात लाडका वेळ होता.

"दोघांचेही नेम चुकतात," त्याने घरी जाहीर केलं, "म्हणजे दोष कोणाचा? रायफलवरच्या दुर्बिणीचा, त्या स्कोपचा! जुना झालाय तो."

बायको त्याच्याकडे बघत म्हणाली, "असेल."

मग स्वस्त आणि मस्त स्कोपचा शोध सुरू झाला. चोवीस पट मोठं दाखवणारा स्कोप त्याने दुकानात डोळ्याला लावला, तर समोरच्या इमारतीबरोबर स्वतःच्या छातीची धडधडही त्यात हलताना दिसली. हा बाद. शेवटी नऊ पटींचे तीन स्कोप त्याने पसंतीसाठी मागून आणले, एक महाग, एक मध्यम आणि एक खिशाला परवडणारा. स्वतःच्या चष्म्याच्या दुकानामागच्या लांबलचक बोळाच्या टोकाला त्याने डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता टांगला आणि तिन्हींतून शेवटची, सगळ्यात बारीक ओळ वाचून बघितली.

"ग त र म प च! स्वस्तातला महागाच्या तोडीस तोड! दुकानदार लोकांना टोप्या घालतात, पण माझ्यापुढे त्यांची डाळ शिजायची नाही."

त्याने घासाघीस करून विकत घेतलेला तो स्वस्त स्कोप सरांनी रायफलवर बसवला, जुळवला आणि चार गोळ्या झाडल्या. चारही मधल्या वर्तुळात एकमेकींना खेटून बसल्या. मग चष्मेवाला पालथा पडला आणि त्याच्या गोळ्यांनी कागदाचे चारही कोपरे पाहिले. बायकोच्याही तशाच.

"सरांचा हात बसलेला आहे, कसलाही स्कोप चालतो त्यांना," घरी आल्यावर तो तणतणला. "उद्या परत देतो हा. आणि तू श्वास रोखत जा, कितीदा सांगायचं? हात हलतो तुझा."

"परत द्यायच्या आधी पुन्हा एकदा तपासून बघा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बोळात तिनेच तक्ता टांगला. चष्मेवाल्याने स्कोपला डोळा लावला आणि पाढा म्हटल्यासारखी शेवटची ओळ घडाघडा म्हणून दाखवली.

"अहो," बायको शांतपणे म्हणाली, "त्या ओळीवर मी कोरा कागद चिकटवलाय."

चष्मेवाला बोळाच्या टोकापर्यंत चालत गेला. कागद होता. अगदी कोरा होता. दरवर्षी तो स्वतःचे डोळे याच तक्त्यावर तपासायचा आणि दरवर्षी पैकीच्या पैकी गुण घेऊन उठायचा. तक्ता त्याला तोंडपाठ झाला होता, झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवला असता. नाचता येईना अंगण वाकडं! आणि हा शहाणा नवं अंगण विकत घेऊन आला होता, तेही घासाघीस करून.

तो गुपचूप स्वतःच्याच दुकानात गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला. बायकोने तपासणीची फ्रेम त्याच्या नाकावर चढवली आणि तो सांगेल तशा काचा बदलत गेली.

"नंबर वाढलाय," ती म्हणाली.

"मान्य आहे," तो पडेल आवाजात म्हणाला.

महिनाअखेरीच्या रविवारी नवा चष्मा लावून त्याने त्याच स्वस्त स्कोपमधून नेम धरला. गोळ्या शहाण्या मुलांसारख्या मध्ये जाऊन बसल्या. तो हरखून बायकोकडे वळला आणि तिथेच त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"थांब. माझे डोळे गेले होते. मग तुझा नेम कशाने चुकत होता?"

बायकोने रायफल आपल्याकडे ओढून घेतली. "तुमचा नेम बिघडला आणि माझा लागत राहिला असता, तर सरांनी मला केव्हाच दुसऱ्याबरोबर लावलं असतं. म्हटलं, दोघंही ढ असलो तर जोडी कोण कशाला फोडेल? ते गणितही चुकलंच म्हणा."

अख्खा हंगाम ती मुद्दाम चुकत होती. आणि अख्खा हंगाम तो तिला नेम कसा धरायचा ते शिकवत होता. चष्मेवाल्याचे कान तापले. त्याने आपली चटई सरकवून तिच्या चटईला खेटवली.

मागून सर येत होते. बायकोने रायफल खांद्याला लावली आणि हळूच विचारलं, "आता मी नीट मारू का?"