काळ्या नळीचं पाणी

१९६७ साली तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. परभणीकडचा नागोराव तिथे नळजोडणीच्या कामाला होता. त्याच्याबरोबर चर खणणारा सुका बोईसरपलीकडच्या एका डोंगरपाड्यावरचा. एकदा तो दोन दिवस आलाच नाही. त्याची बायको नवसी सातव्या महिन्यात होती. झऱ्यावरून पाणी आणताना ती खडकावर घसरली. पोटातलं बाळ वाचलं, पण नवसीचा पाय मोडला.

नागोरावाने साहेबांना विचारून पॉलिथिनच्या काळ्या नळीचे उरलेले तुकडे मागून घेतले. रविवारी तो पाड्यावर गेला. चुलीवर तवा तापवून त्याने नळीची टोकं मऊ केली आणि एकमेकांना दाबून धरली. दोन सांधे गळले, ते कापून पुन्हा केले. दुपार कलताना झऱ्याचं पाणी सुकाच्या अंगणात पडलं.

"कशाची रं ही नळी?" सुकाच्या आईने, चिमीने विचारलं.

नागोराव खुलला. "खनिज तेलातून एथिलीन नावाचा वायू काढतात, आजी. त्याचीच ही. बादल्या, पिशव्या, विजेच्या तारांवरचं आवरणसुद्धा त्याचंच."

चिमीने भरलेला तांब्या ओतून टाकला. "म्हंजे घासलेटच की! सुनेला मी हे पाजायची नाय."

नागोराव ओशाळला. त्याने स्वतः ओंजळभर पाणी पिऊन दाखवलं. "पिकतं केळंही तोच वायू सोडतं, आजी. म्हणून तर त्याच्याजवळची कच्ची केळी लवकर पिकतात."

"केळ्याचं मला ठाव हाय. नळीचं नाय."

म्हातारी रोज स्वतः झऱ्यावर चढू लागली. नळीच्या पाण्याने फक्त भांडी घासली जात. नागोराव दर रविवारी येई, सांधे तपासी, पोटभर पाणी पिई. समजावायचं मात्र त्याने सोडून दिलं.

चौथ्या रविवारी चिमी त्याच्याकडे बघत बसली होती.

"तुला काय झालं नाय अजून."

"नाही, आजी."

तिने तांब्या नळीखाली धरला आणि एक घोट घेतला. "गरम हाय."

"नळी उन्हात पडलीय. मातीत पुरली तर गार येईल."

"मग आधी का नाय बोललास?" चिमी उठली आणि घरातून कुदळ घेऊन आली.

संध्याकाळपर्यंत सुकासह तिघांनी निम्मी नळी पुरली. अंगणात पाय लांब करून बसलेल्या नवसीला चिमीने त्याच पाण्याचा तांब्या नेऊन दिला. नवसी सगळा प्यायली आणि म्हणाली, "अजून दे."