चार बोटं कमी

मामांनी अट घातली, तेव्हा घरात कुणी हसलं नाही.

"डोळ्याच्या आपरेशनला येतो जालन्याला. पन माझ्या गाडीत. यष्टीत न्हाई, अन् लोकाच्या जीपमंदी तर बिलकुल न्हाई."

मामा म्हणजे माझे सासरे, भुजंगमामा. त्यांची गाडी म्हणजे लांब नाकाची जुनी पिकअप. कुंभार पिंपळगावला आमच्या घरामागे ती सहा वर्षं लिंबाखाली उभी होती. त्याआधी वीस वर्षं त्यांनी तिच्यातून मोसंबी वाहिली होती. आता एका डोळ्याला काही दिसत नव्हतं, दुसऱ्याला नुसता उजेड आणि सावली. मोतीबिंदू पिकलाय, थांबू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. तारीख मिळाली होती महिन्यानंतरच्या मंगळवारची.

ह्यांनी आणि मंठ्याच्या कचरू मिस्त्रीने आठ दिवसांत इंजिन बोलतं केलं. आतली दुरुस्ती माझ्याकडे आली, कारण घरात शिलाई मशीन माझं. त्यावर मी आजवर झबली आणि ब्लाउज शिवले होते. गाडीत डोकावून पाहिलं. उंदरांनी सीट पोखरलेली, काथ्या बाहेर आलेला, स्प्रिंगा वर आलेल्या, छताचं कापड जाळ्यासारखं लोंबत होतं.

आमची आशा तेव्हा नऊ महिन्यांची. दुपारी ती झोपली की तासभर माझा. मशीनची घरघर सुरू असली की ती झोपायची, पाय थांबला की डोळे उघडायची. त्यामुळे कापायचं काम तिच्या जागेपणी आणि शिवायचं तिच्या झोपेत, असं मी ठरवून टाकलं.

मामा शेजारी बाजेवर बसून सांगायचे. सांगताना बोटं हवेत चालायची.

"आधी स्प्रिंगावर तरट टाक. मंग काथ्या पसर, हातानं मोकळा करून. कोपऱ्याला जास्ती दे, चढता-उतरता कोपराच दबतो."

स्प्रिंगा ह्यांनी तारेने बांधून दिल्या. मी तरट ताणलं, काथ्या पसरला. मामा काठी टेकत यायचे, दोन्ही तळवे सीटवर फिरवायचे आणि खड्डा नेमका शोधायचे. "हितं मूठभर अजून." छताचं कापड बदललं तेव्हा तर त्यांनी वर हात करून एकेक शिवण चाचपली. पास झालं.

राहिलं सीटचं कव्हर. त्याची रीत अशी की जुनं कव्हर टाक्या-टाक्याने उसवायचं, तुकडे सपाट करायचे आणि तेच नव्या रेक्झिनवर ठेवून खडूने आखायचं.

"तुकडे धून घे पोरी पहिले," मामा म्हणाले. "उंदराची घान हाय. लेकराची आई तू. कढत पानी, अन् धुन्याचा सोडा टाक चांगला."

मला ते पटलं. बाळाचे कपडे मी तसेच धुते. तुकडे धुतले, दोन दिवस उन्हात वाळवले, मग त्यांच्यावरून आखलं, कापलं आणि चार दुपारी शिवलं. रविवारी ह्यांना हाताशी घेऊन कव्हर चढवायला गेले. एका बाजूने बसवलं, तर दुसऱ्या बाजूने लाकडी चौकटीपर्यंत येईना. ओढलं, दाबलं. चार बोटं कमी.

मी तिथेच पायरीवर बसले. मंगळवार दोन दिवसांवर. कुठे चुकलं तेच कळेना.

माझ्या सासूबाई द्वारकाबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, आशाला काखेत घेऊन आल्या. सगळं ऐकलं आणि पदराआड हसायला लागल्या. "अगं, कढत पान्यात घातलंस व्हय? आतलं कापड आकसतं त्याचं. तुझ्या मामांनी बी अस्संच केल्तं एकदा पोळ्याच्या टायमाला. चकाचक धुतलं अन् मंग बसंच ना. पंधरा दिवस तरटावर बसून गेले मोसंबी घेऊन. मी लई बोलल्ते त्यांना."

बोलता बोलता त्या थांबल्या. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. त्यांनी आशाला माझ्याकडे दिलं.

तिला घेऊन मी बाजेवर बसलेल्या मामांकडे गेले.

"मामा, कव्हर चार बोटं कमी आलं."

"आलं का?" ते जरा घाईनेच बोलले. "मंग मंगळवार हुकला म्हनायचा."

"तुम्हाला माहीत होतं ना, ते आकसतं म्हणून?"

ते बाजेची सुतळी चाचपत राहिले. मला राग आणायचा होता, येत नव्हता.

"आत्ता हिचं टकुरं दिसतंय मला," ते शेवटी म्हणाले. "काळं काळं. हलतंय. पट्टी सोडली अन् तेवढं बी गेलं तर?"

डॉक्टर काय म्हणाले ते त्यांना ठाऊक होतं, तेच परत काय सांगायचं? मी आशाला त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"मामा, दोन महिन्यांत ही चालायला लागेल. चुलीकडे जाईल, आडाकडे जाईल. मी आणि आत्याबाई किती पळणार? मला हिच्यामागे डोळे पाहिजेत."

आशाने त्यांची मिशी धरली. त्यांनी सोडवली नाही.

"रेक्झिन उरलंय का?" त्यांनी विचारलं.

"दारांच्या आतल्या फळ्यांना ठेवलंय तेवढं. ते सीटला जोडलं, तर त्या फळ्या उघड्याच राहतील."

"राहू दे की. दारावर कोन बसतंय?"

सोमवारी दुपारी आशा दीड तास झोपली. कधी नव्हे ते.

मंगळवारी सकाळी मामा धुतलेलं धोतर नेसून पिकअपमध्ये चढले, मधोमध बसले आणि तळवा फिरवत गेले. जोडापाशी हात थांबला.

"हितं जोड हाय."

"आहे."

"बराबर बसलाय." मग ह्यांच्याकडे वळून, "रामकिसन, काय बगून राह्यलास? काढ जल्दी. उशीर केला तर माझा भरोसा न्हाई!"

आत्याबाई दारात हात जोडून उभ्या होत्या. मी आशाला घेऊन खिडकीशी बसले. गाडी फाट्याला लागली, तेव्हा मामांनी विचारलं, "किती टायम लागंल?"

"दोन तास तरी," हे म्हणाले.

मामांनी समोरची दांडी घट्ट धरली होती.

"मंग बोलत राहा पोरी, काय बी."

डाव्या हाताला कुणाची तरी तूर काढून झाली होती, तिथून मी सुरुवात केली.