डॉक्टर, बोटं मोजा

बर्मिंगहॅमच्या प्रयोगशाळेत मी एकोणीस वर्षं उंदरांच्या गर्भांचे सांगाडे रंगवते आहे. कूर्चा निळी होते, हाड लाल. कोपरात जिथे सांधा व्हायचा, तिथे निळ्यात एक फिकट रेघ उमटते. तिथल्या पेशींना काही जनुकं सतत बजावत असतात, की बायांनो, तुम्ही कूर्चा व्हायचं नाही. म्हणून तर हात वाकतो.

तीन वर्षांपूर्वी असंच एक जनुक काढून टाकलेल्या गर्भात मला ती रेघ दिसलीच नाही. कोपर अखंड निळं. मी धावत जाऊन प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर हॅल्स्टेड यांना दाखवलं. हे जनुक नसेल तर सांधा बुजतो, असा त्यांचा शोधनिबंध छापून आला, गाजला, आणि माझं नाव त्यात आभारापुरतंही नव्हतं. विचारलं तर हसून म्हणाले, "मिस व्हर्लीन, रंगारी कधी घरावर आपलं नाव घालतो का?"

ते मी गिळलं, पण पचलं नाही. रविवारी पास्टर ग्रूम्स क्षमेवर सूर धरत, अख्खं चर्च डोलत असे. मीही मोकळ्या गळ्यानं साथ द्यायचे; 'क्षमा' शब्द आला की मात्र नुसते ओठ हलवायचे.

यंदा मार्चात जुन्या बरण्या आवरताना तोच गर्भ हाती लागला. भिंगाखाली धरला आणि चिठ्ठी पुन्हा वाचली. चिठ्ठीवर चौदावा दिवस, पण पंजाची बोटं अजून पडद्यानं जोडलेली. ते वेतच, एका उंदरीच्या पोटातली ती सगळी पिल्लं, वाढीत मागे पडलेलं होतं, आणि तुलनेला घेतलेला निरोगी गर्भ दुसऱ्या वेतातला. सांधा बुजला नव्हता. तो अजून झालाच नव्हता. वय तारखेवरून नाही, बोटांवरून ठरवायचं, ही आमची रीत. ती डॉक्टरांनी पाळली नाही. मीही नाही.

म्हणजे त्यांचा शोध पाडायचा, तर जन्मात मला लागलेला एकुलता एक शोधही पडणार. दोन आठवडे प्रार्थना केली. खरं सांगते, मी वाट विचारत नव्हते, परवानगी मागत होते.

पाहुण्या शास्त्रज्ञांपुढे डॉक्टरांनी त्याच गर्भाचं चित्र पडद्यावर लावलं. मी पहिल्या रांगेतून उठले.

"डॉक्टर, त्या पंजाची बोटं जरा मोजून दाखवता?"

ते पडद्याकडे वळले. शिकागोहून आलेल्या बाई चष्मा सावरून म्हणाल्या, हा चौदाव्या दिवसाचा नव्हेच. डॉक्टरांची मान लाल होत गेली. मी ती डोळे भरून पाहिली.

मग त्यांनी माझ्याकडे हात केला. "हे निरीक्षण मुळात मिस व्हर्लीन टगल यांचं. सगळं श्रेय त्यांचं."

तीन वर्षांत पहिल्यांदा.

"माझंच," मी म्हटलं. "चुकले मी, चूक धरलीही मी. यात तुमचं काय होतं, तेवढं सांगा."

आणि मी खाली बसले नाही.