टमरेलातलं पाणी

अकोटच्या कापूस जिनिंगात एकतीस वर्षं काढून मोतीरामजी रिटायर झाले आणि पोरानं, श्यामनं, आईबापाला राजस्थानच्या वाळवंटात तंबूत राहायला धाडलं. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण जयवंताबाईंची हौस पहिल्याच दिवशी फिटली होती.

दुसऱ्या दुपारी जीपवाला पंक्चर काढायला गावात गेला, संध्याकाळी येतो म्हणाला. दोघंच उरले. तंबूमागं कापडाचा संडास होता, पण बायकोच्या कानाजवळ बसायचं म्हणजे मोतीरामजींना मेल्याहून मेल्यासारखं. भरलेलं टमरेल घेऊन ते आडोसा शोधायला निघाले. वाट चुकाल, असं बाई म्हणाल्या, तर उलट त्यांनाच शहाणपण शिकवलं. आपल्या शेतात उमटलेलं पाऊल आठ दिवस हलत नाही, पावलापावलानं परत येतो म्हणाले. आता वाळू म्हणजे काय अकोटची काळी माती आहे? पण हा माणूस ऐकेल तर शपथ.

थोड्या वेळानं वारा सुटला. बाई बाहेर आल्या तर तंबूपासून एकही पाऊल दिसेना. हाका मारून उपयोग नव्हता, जिनच्या घरघरीनं नवऱ्याचे कान कधीच खाल्ले होते. मोबाइल तंबूतच पडलेला, त्यालाही रेंज नाही. तास गेला, दीड तास गेला. उन्हात माणूस किती वेळ टिकतो, याचा विचारही त्यांना करवेना.

साठीची बाई. डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नव्हता. त्यांनी अंगावरचं लाल लुगडं सोडलं, तंबूच्या खांबाला उंच बांधलं आणि परकर-पोलक्यावर, ते गेले होते त्या दिशेनं निघाल्या. भीतीनं अशी गाळण उडालेली की पाण्याची बाटली घ्यायचं भानच राहिलं नाही. दर वीस पावलांनी वळून लाल रंग पाहायचा, मग पुढं जायचं. तिसऱ्या टेकाडावरून तो नखाएवढा दिसत होता. आणखी उतरलं की तोही दिसणार नाही, मग आपणही गेलो. देवाचं नाव घेऊन त्या उतरल्या.

खाली मोतीरामजी बसले होते. ओठ पांढरेफटक, डोळे फिरलेले. आडोसा त्यांना कुठंच सापडला नव्हता. टमरेल मांडीशी, काठोकाठ भरलेलं.

"पाणी हाये ना जवळ. काहून नाई पेले?"

"संडासचं टमरेल हाये वं ते," ते कसंबसं पुटपुटले.

मरायला तयार, पण बाटायला नाही! बाईंना आधी संताप आला, मग रडूच कोसळलं. त्यांनी टमरेल उचललं, त्यांच्यासमोर आपण दोन घोट घेतले आणि त्यांच्या ओठांना लावलं.

"मी बाटली आता. तुमी प्या."

मोतीरामजी डोळे मिटून प्यायले.