जिन्यातला लाल

मी एक जुना लाल रंग आहे. मित्रांनो, एका मोठ्या चित्राच्या मधोमध मी पसरलो आहे. माझ्यात फूल नाही, पाखरू नाही, माणूस नाही. मी नुसता लाल आहे.

पोंभुर्ण्याच्या बाजूच्या एका खेड्यात साक्षीबाई चित्रे काढत. त्यांनी रंगाची अख्खी नळी कॅनव्हासवर पिळली, ब्रश बाजूला ठेवला आणि तळहाताने मला पसरवले. त्यांच्या बोटांच्या खुणा अजून माझ्यात आहेत.

त्यांचे यजमान हेमराज दारातून म्हणाले, "हे काय काढून राह्यली?"

"लाल. दिसत नाई का तुमाले?"

दोघेही खूप हसले.

चित्र त्यांनी गावच्या समाजभवनाला दिले. मला जिन्याच्या कोपऱ्यात टांगले. त्या दिवशी टाळ्या वाजल्या. पुढे कोणी माझ्याकडे पाहिले नाही. मग एका लग्नात तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळणारा पाहुणा माझ्यापाशी थांबला.

"इथी त आधीच थुकून ठेवलं हाय," असे म्हणून तो माझ्यावर थुंकला. मागच्याने नीट पाहिलेही नाही. तोही थुंकला.

मित्रांनो, ती थुंकी कोमट असते. तिला तंबाखूचा आणि चुन्याचा वास येतो. ती हळूहळू ओघळते, वाळते, तिच्यावर माश्या बसतात. मला थुंकीची किळस आली, नंतर त्या तोंडांचीही आली. त्याच तोंडांनी वर जाऊन नवरा-नवरीला आशीर्वाद दिले.

यंदा उन्हाळ्यात साक्षीबाई तापाने गेल्या. शोकसभा समाजभवनातच झाली. लोक त्यांच्याविषयी चांगले बोलले आणि उतरताना माझ्यावर थुंकले. हेमराज खाली उभे राहून पाहत होते.

भवनाची देखरेख करणारा लटारू ओशाळला. "हेमराजभाऊ, उद्या चुना मारून टाकतो त्याच्यावर. साफ दिसन."

"त्यात तिचा हात हाय, लटारू. चुना मारशील त मी तो कुठी पाहू?"

"पण भाऊ, ही घाण..."

"घाण तुमची हाय. लाल तिचा हाय."

हेमराज ओले फडके घेऊन मला पुसू लागले. मधेच ते बाहेर जाऊन ओकले, चूळ भरली आणि पुन्हा पुसायला आले. बोटाच्या एका खुणेत सुपारीचा चुरा अडकला होता. तो त्यांनी नखाने काढला. कडेचा तपकिरी डाग मात्र गेला नाही.

"घरी घेऊन जा ना, भाऊ," लटारू म्हणाला.

"तिनं गावाले देल्ला हाय. मी कसा नेऊ?"

आता लग्न असले की हेमराज फडके घेऊन जिन्यात उभे राहतात. मित्रांनो, मी तुम्हाला कळलो नाही तरी चालेल. न बघता पुढे गेलात तरी चालेल. फक्त तोंड बाहेर रिकामे करून या. त्यांचे फडके कोरडे राहू द्या.