नाव पोचलं

"आक्का, कानात नका सांगू! कानामागं ती मशीन हाय ना, तिथं सांगा," माधवीनं नणंदेला आवरलं.

शिवकन्येच्या कानाशी ओणवलेली कडूबाई 'कुर्रर्र' करण्याच्या बेतात होती. तीन भावांच्या नऊ लेकरांना तिनं असंच बारशाला नाव सांगितलं होतं. आत्याचा मानच तो. शिवकन्येला मात्र ते पोचलंच नाही. पोर जन्माची बहिरी, आता चार वर्षांची. नाव कडूबाईनंच हौसेनं शोधलेलं. ती स्वतः चौथी मुलगी, म्हणून आईबापांनी तिचं नाव 'कडू' ठेवलं होतं. नाव जन्मभर कसं चिकटतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"थांबा आत्याबाई, अजून चालूच केली नाही मशीन," मनिषाताई हसल्या. परभणीच्या या दवाखान्यात त्या बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवत. कानात यंत्र बसवायच्या ऑपरेशनला तीन आठवडे झाले होते. त्यांनी संगणकाची कळ दाबली.

शिवकन्या दचकली. तिनं वर पाहिलं. छताला पंखा कुरकुरत होता. पंखे तिनं जन्मभर पाहिले होते, पण पंख्यालाही आवाज असतो हे तिला आज कळलं. माधवीच्या बांगड्या किणकिणल्या. पोरीनं आईचा हात धरून पुन्हा हलवला. पुन्हा हलवला.

"अगं माय!" कडूबाई म्हणाली. "एवढ्याशा डबीत अख्खी दुनिया बसवली की ओ ह्या लोकांनी!"

मग तिनं हाक मारली, "शिवकन्या!"

पोर बांगड्यांतच.

"ऐकू तर यायलंय. मग वळंना का?"

"आपण शिवकन्या आहोत हे तिला कुठं माहीत आहे?" मनिषाताईंनी विचारलं.

कडूबाईचं बोट आपसूक स्वतःच्या गालाला दोनदा टेकलं. पोर लगेच वळून खुदकन हसली. घरात तिचं नाव हेच होतं, गालावर दोन टिचक्या.

"तसं नका करू," मनिषाताई म्हणाल्या. "हात दिसला की ती कान वापरणारच नाही. आजपासून हात बंद."

"म्याडम, त्या दोघींचं समदं बोलणं हातानंच हाय ओ," माधवी पुटपुटली.

चारठाण्याच्या अंगणवाडीत बावीस वर्षं खिचडी ढवळून रापलेले हात कडूबाईनं मांड्यांखाली घातले आणि त्यांवर बसली.

"शिवकन्या."

पोरीनं तिचं कोपर ओढलं. हात काही निघेना. तिनं रागानं आत्याच्या मांडीवर चापट मारली.

"मार माय, मार. शिवकन्या."

पोरीनं तिच्या हलत्या ओठांवर तळवा ठेवला. कडूबाई तळव्यातच बोलली, "शिवकन्या." मग पोरीनं तळवा काढून घेतला आणि एक बोट हळूच स्वतःच्या गालाला लावलं. एकदा. दुसऱ्यांदा. डोळे आत्याकडे.

"हां गं माय. तूच," कडूबाई म्हणाली.

हातांना मुंग्या आल्या होत्या. तिनं ते बाहेर काढले नाहीत.