दारावरचा गोल

"पहिले सांग बाई, तुले कोनी धाडं?"

द्रौपदाबाईने पदर तोंडावरून नाकापर्यंत ओढला होता आणि चौकटीला हात असा लावला होता, की आत मांजरही शिरू नये. समोर कुंदाबाई उभी होती. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात कार्डांचा गठ्ठा.

"जळगावहून आलेय, अक्का. प्रत्येकाचं तोंड पाहायचं, तंबाखू किती, मिसरी किती, ते लिहायचं. बस."

"लिखीसन काय करशात?"

"कोणाला आजार होतो, किती जणांना होतो, ते मोजायचं."

"शहात्तर साले बी आसंच मोजाले उन्थात. मंग मन्हा दीरले जीपमा टाकीसन ली ग्यात. कसानं आपरेशन करं, ते बठ्ठा गावले मालूम शे. आनि जेन्ही दारवरला नंबर पुसा, तेन्हा घर पोलीस उना."

आणीबाणीतल्या त्या नसबंदीला बाराच वर्षं झाली होती.

कुंदाबाई आठ वर्षं धरणगाव तालुक्यात हेच काम करत होती. चेहरे ती विसरे, गालांच्या आतली बाजू लक्षात ठेवी. आणि कोणी पदर ओढून बोलू लागलं, की तिला आधी संशय येई. द्रौपदाबाई तावातावाने बोलता बोलता तिचा पदर घसरला, आणि डाव्या गालाच्या आतला पांढरा चट्टा दिसला. मधोमध लाल.

"अक्का, गुरुवारी डॉक्टर येणार आहेत. त्यांना तेवढं दाखवा."

द्रौपदाबाईचा आवाज एकदम खाली आला. "बुधवारले कमलले देखाले शिंदखेडाना लोके येई राह्यनात. आते आजारनं नाव काढशी ते मन्ही पोरनं लगीन मोडी. जाय तू."

कुंदाबाईने कार्डावर 'नकार' लिहिलं. चौकटीवर खडूने नंबर घातला आणि त्याभोवती गोल काढला.

"हाई काय शे?"

"घर बंद होतं, परत यायचं, अशी खूण."

"घर ते उघडं शे!"

"आमची पद्धत असते, अक्का."

हे धडधडीत खोटं होतं. गोल म्हणजे कॅन्सरचा संशय. मागून जीपने येणारे डॉक्टर फक्त गोल असलेल्या घरांत जात. पण त्याचा अर्थ लोकांना सांगायचा नाही, लोक घाबरतात, असा ऑफिसचा हुकूम होता. लोक कुंदाबाईवर विश्वास ठेवत नव्हते, आणि ऑफिस लोकांवर. ती संध्याकाळच्या एसटीने पुढच्या गावाला गेली.

द्रौपदाबाईने गल्लीतून एक चक्कर मारली. कापूस वेचायला गेलेल्यांची तीन घरं खरोखर बंद होती. त्यांवर नुसते नंबर होते. बावीस घरांत गोल एकच, तिच्या दारावर. ती शेजारच्या भिकुबाईच्या ओट्यावर मटकन बसली.

"पाव्हना बुधवारले गोल देखतीन. इचारतीन."

"पुसानं ते नही," भिकुबाई म्हणाली. सरकारी लिहिलेलं पुसलं की काय होतं, ते तिलाही ठाऊक होतं. थोडा विचार करून तिने तंबाखूची डबी उघडली आणि बोटावर चुना घेतला. "मंग आपुन बठ्ठास्ना दारवर काढू."

बुधवारी पाहुणे आले तेव्हा गल्लीतल्या बावीसही दारांवर गोल होते. "सरकारी मोजनी शे," द्रौपदाबाईचा नवरा लोटन म्हणाला. पाहुण्यांनी मान डोलावली, चहा घेतला आणि मुलगी पसंत केली. त्या दिवशी गल्लीतल्या बायका किती खूश होत्या म्हणून सांगू!

गुरुवारी जीप आली. डॉक्टरांनी पहिली चार घरं पाहिली. चारही घरांत कोणाला काही नाही. पुढे सगळीकडे गोलच गोल. पोरांचा खोडसाळपणा समजून ते वैतागले आणि परत फिरले. द्रौपदाबाईचं घर गल्लीच्या टोकाला होतं. दाराआडून तिने जीप वळताना पाहिली, आणि तिला हायसं वाटलं.

ऑफिसने कुंदाबाईला मेमो दिला. "मी एकच काढला होता," असं ती सांगत राहिली, पण ते कोणाला पटेना. आपण स्वतः एकदा जाऊन यावं, असं तिने ठरवलं होतं. तेवढ्यात यावल बाजूचं काम आलं आणि ते राहून गेलं.

दोन-अडीच वर्षांनी त्याच गावांची पुन्हा मोजणी निघाली. नव्याने आजारी किती, मेले किती. कुंदाबाई गल्लीत शिरली तेव्हा आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, दिवस होते, झाडांना झोके बांधलेले होते. आणि प्रत्येक दारावर ताज्या गेरूचा गोल होता.

टोकाच्या घराचं दार माहेरी आलेल्या कमलने उघडलं.

"माय गयी, बाई. गुदस्ता. गालले भोक पडनं व्हतं. पाज्यं ते पानी बी गळी जाये."

कुंदाबाईने तारीख लिहिली, कारण लिहिलं. मग तिचं लक्ष पुन्हा चौकटीकडे गेलं.

"हे गोल?"

"मन्हं लगीन जमनं तवपासून बाया दर आखाजीले काढतस. लाभस म्हनतस." कमलने चौकटीवरच्या गोलावर बोट ठेवलं. "पहिला गोल तुमीच काढेल ना? त्याना अर्थ काय शे?"

घर बंद होतं. तेच जुने खोटे शब्द तोंडात तयार होते. कुंदाबाईने ते गिळले.

"डॉक्टरांनी हे घर नक्की पाहावं, असा. मी फक्त तुमच्याच दारावर काढला होता."

कमल गल्लीतल्या दारांकडे पाहत राहिली. झोक्यावरच्या पोरींची गाणी ऐकू येत होती.

"मायले काबरं नही सांगं?"

आपण चुकलो, हे कुंदाबाईला आत कुठेतरी फार दिवसांपासून ठाऊक होतं.

कमल ओट्याच्या कडेला बसली. पदराने दातांवरची मिसरी पुसली, उजेडाकडे तोंड केलं.

"देख. आनि जे दिसी, ते माले सांगजो."

तिने तोंड उघडलं. कुंदाबाईने बॅटरी लावली.